न लागलेला छर्रा

लग्न होऊन भालकीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात पाणी गाळायचे कापड दिले. जाड, घट्ट विणीचे, दुहेरी केलेले. पाणी गाळणे मला माहेरी माहीत होतेच, पण सासूबाईंची शिस्त वेगळी. गाळून झाले की कापड उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचे, आणि ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सोडायची. तीही वरून ओतायची नाही, पोहरा खाली पाण्याला टेकवून हळूच सोडायची. "नुसतं गाळलं म्हणजे अर्धा धर्म गं. जीव जिथला तिथं पोचवलास तर पुरा," असे त्या म्हणायच्या.

त्याच घराच्या पुढच्या भागात आमचे लोखंडी सामानाचे दुकान. खिळे, विळे, कुदळी, साखळ्या, दोर. आणि कोपऱ्यात एक ठेंगणे पोते, दिसायला लहान पण एकट्याला न उचलणारे. त्यात शिशाचे मणी. आमच्या तालुक्यात ब्याळहळ्ळीला कारंजा नदीवर धरण आहे, मांजरा नदीही जवळून जाते. त्यामुळे भोई-कोळ्यांची घरे बरीच. फेकजाळ्याच्या कडेला ओवायला त्यांना हे मणी लागतात. जाळे पाण्यात पडल्याबरोबर कडेच्या वजनाने झपकन तळाला बसते, मासे आत.

सासूबाई त्या पोत्याला कधी हात लावत नसत. एकदा, मला वाटते दशलक्षण पर्व चालू होते, त्यांनी मामंजींना सरळच विचारले, "हे आपल्या दुकानात कशाला?" मामंजी हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "आपण कुठं मासे धरतो? आपण वजन विकतो."

सासूबाई गप्प बसल्या. पण त्यांचे समाधान झाले नव्हते, हे मला कळले. त्या दोघेही आता नाहीत. प्रश्न मात्र घरात राहिला आहे, पोत्यासकट.

आपल्या श्रावकाचारात पाच अनर्थदंड सांगितले आहेत. ज्यात आपला काही अर्थ नाही, गरज नाही, आणि तरी दुसऱ्याला इजा होते, तो अनर्थदंड. त्यातला एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याची यादीच आहे: परशू, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्रे, विष, साखळदंड. मैत्रिणींनो, खरे सांगते, स्वाध्यायात ही यादी आली की मला आमचे दुकानच डोळ्यांपुढे दिसते! कुदळ विकल्याशिवाय शेतकऱ्याचे चालत नाही आणि साखळीशिवाय जनावर बांधता येत नाही, हे मलाही कळते. पण या यादीत शस्त्र आणि विष असे दोन वेगळे शब्द आहेत. शिसे यांपैकी कशात बसते? या प्रश्नाच्या मागे लागून मी बरेच वाचले, आणि कळले की ते दोन्हींत बसते. त्याचाच हा इतिहास.

तो निजामाच्या राज्यातून सांगायला हवा, कारण १९५६ पर्यंत आपले बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. सहावे निजाम महबूब अली खान शिकारीचे मोठे शौकीन. त्यांच्या दरबाराच्या शिकारींचे फोटो आजही पुस्तकांतून दिसतात. हत्ती, तंबू, पुढ्यात आडवा पडलेला वाघ आणि मागे बंदुका घेऊन उभी असलेली मंडळी. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पत्नीसह १९०२ साली वरंगळकडच्या नेकोंड्याच्या जंगलात शिकारीला आले होते, त्याचाही असा फोटो आहे.

हे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे मालक लाला दीनदयाळ. निजामांनी त्यांना 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' असे किताब दिले. हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांना फोटो काढून घेता यावा म्हणून १८९२ मध्ये त्यांनी खास जनाना स्टुडिओ काढला, आत सगळा कारभार बायकांचाच. आणि हे दीनदयाळ जन्माने जैन! मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली एका जैन जवाहिऱ्याच्या घरात ते जन्मले. मेलेल्या वाघापुढे कॅमेरा लावताना त्यांच्या मनात काय येत असेल, हा विचार मी पुष्कळदा केला. कदाचित मामंजींसारखेच त्यांनी स्वतःला सांगितले असेल: आपण कुठे बंदूक चालवतो? आपण फोटो काढतो.

त्यांच्यावर टीका करण्यासाठी मी हे लिहीत नाही. व्यापार आणि कसब यांवर जगणारा आपला समाज. राजाच्या हिंसेच्या कडेकडेने आपण नेहमीच राहत आलो आहोत, कधी तिला आवर घालायला, कधी तिला सामान पुरवायला. आवर घातल्याच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. आचार्य हीरविजयसूरींनी अकबराकडून पर्युषणात जीवहत्या बंद करवली आणि फत्तेपूर सिक्रीजवळच्या डाबर तलावातली मासेमारीही थांबवली, हे आपल्या जुन्या ग्रंथांत मोठ्या आदराने सांगितलेले आहे. सामान पुरवल्याच्या कथा मात्र कोणी लिहून ठेवत नाही. त्या हिशेबाच्या वहीत राहतात आणि वहीबरोबर रद्दीत जातात.

आता फोटोतल्या शिकारीकडे पुन्हा बघू या. वाघ फोटोत दिसतो. बदकांच्या शिकारीत मेलेल्या बदकांची रास दिसते. दिसत नाहीत ते छर्रे. राजस्थानात भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पाहुणचारासाठी ४,२७३ पक्षी मारले गेले. तिथल्या दगडी पाटीवर हा आकडा कोरलेला आहे. पाणपक्ष्यांसाठी जे काडतूस वापरतात त्यात एकच गोळी नसते, शिशाचे बारीक छर्रे भरलेले असतात. एका काडतुसात दोनशे छर्रे धरा, आणि एकही काडतूस वाया गेले नाही असे धरा, तरी त्या एका दिवशी साडेआठ लाख छर्रे उडाले. पक्ष्याच्या अंगात त्यातले चार-पाच जातात. उरलेले कुठे गेले? तळ्यात. चिखलात.

बंदुका पेटीत गेल्या, पाहुणे गाडीत बसले, फोटो धुऊन झाला. शिकार संपली असे सगळ्यांना वाटले. पण ती संपत नाही.

बदकाला दात नसतात. दाणा दळायला त्याच्या पोटात निसर्गाने जातेच बसवले आहे. स्नायूंची एक जाड पिशवी असते आणि पक्षी स्वतः खडे गिळून तिच्यात जात्याचा दगड पुरवतो. चिखलात चोच घालून तो खडे शोधतो, तेव्हा छर्रा त्याला खड्यासारखाच, नाहीतर दाण्यासारखा लागतो. तो गिळला की जात्यात शिसे झिजते, रक्तात उतरते, नसा लुळ्या पडतात. पाखरू खाऊ शकत नाही, उडू शकत नाही, दोन-तीन आठवड्यांत झुरून मरते. ना गोळीचा आवाज, ना रक्त. आणि ते कोल्ह्याने किंवा गरुडाने खाल्ले की विष पुढच्या पोटात. ज्या छर्र्याचा नेम चुकला, त्यानेही अखेर जीव घेतलाच; फक्त कोणाचा घेतला हे बंदूकवाल्याला कधी कळले नाही.

अमेरिकेत फ्रँक बेलरोज नावाच्या अभ्यासकाने १९५९ साली याचा अंदाज मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या पाणपक्ष्यांपैकी दर शंभरातले दोन-तीन दरवर्षी अशा गिळलेल्या शिशाने मरत होते. मग वाद सुरू झाला आणि तो तीस वर्षे चालला.

या वादातली माणसे आपल्यासारखी शाकाहारी नव्हती. दोन्ही बाजूंना शिकारीच होते. शिसे नको म्हणणारेही बदके मारून खात. "मारू नका" असे कोणी म्हणतच नव्हते. "ज्याच्यावर नेम धरला नाही त्याला मारू नका," एवढेच त्यांचे म्हणणे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. एवढ्याने काय होणार? मग लक्षात आले की अनर्थदंडाचा विचार दुसऱ्या टोकाकडून इथेच येऊन पोचतो. पुरी हिंसा सोडवत नसेल तर निदान निरर्थक तरी सोड.

विरोध करणाऱ्यांचे मुद्देही फालतू नव्हते. पोलादी छर्रा हलका, म्हणून लांबवर जोराने जात नाही. पक्षी मरण्याऐवजी जखमी होऊन पडतील, ती हिंसा नाही का, असे ते विचारत. जुन्या बंदुकांच्या नळ्या खराब होतील. महाग पडेल, ते गरिबाने कुठून आणायचे? आणखी एक मुद्दा अभिमानाचा होता. १९३४ पासून तिथे पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून तळी, दलदली राखल्या जातात. "तळी आम्ही राखली आणि आता आम्हालाच विषारी म्हणता?" असा तो राग होता. राग समजण्यासारखा आहे. पण तळे राखणाऱ्याच्या हातूनही तळ्यात विष पडू शकते.

अखेर १९९१ पासून साऱ्या अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे बंद झाले. पुढे अभ्यासकांनी हिशेब केला, की १९९७ च्या एका हंगामातच त्यामुळे सुमारे १४ लाख बदके वाचली.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट हंसांची झाली, आणि तिथे बंदूक नव्हती, मासे धरायचा गळ होता. गळाच्या दोरीला लावलेली शिशाची बारीक वजने काठावर पडायची, तुटून पाण्यात जायची. थेम्स नदीवरचे राजहंस ती गिळायचे. विष चढले की त्यांची उंच मान मुळाशी वाकडी होऊन पाठीवर लोळायची. राजहंसाची मान अशी पडलेली लोकांना बघवेना. १ जानेवारी १९८७ पासून तिथे अशा शिशाच्या बहुतेक वजनांच्या विक्रीवर बंदी आली. पुढे हंस पुन्हा वाढले. डेन्मार्कने १९९६ साली शिकारीतले सगळेच शिशाचे छर्रे बंद केले आणि २०२४ पासून बंदुकीच्या शिशाच्या गोळ्याही. युरोपीय संघात पाणथळ जागी शिशाचे छर्रे उडवायला २०२३ च्या फेब्रुवारीपासून मनाई आहे.

सगळीकडे गाडी सरळ गेली असे नाही. कॅलिफोर्नियात काँडोर नावाचे प्रचंड गिधाड आहे. १९८२ साली जगात ते फक्त २२ उरले होते. सगळे पकडून, पिंजऱ्यात वाढवून, पुन्हा रानात सोडले. तरी ते मरत राहिले, कारण शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या आतड्यांत शिशाचे कण असत. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात सगळ्याच शिकारीत शिसे बंद झाले. पण साऱ्या देशातल्या सरकारी अभयारण्यांत शिसे हळूहळू बंद करण्याचा जो हुकूम १९ जानेवारी २०१७ ला निघाला, तो सरकार बदलल्यावर २ मार्चला रद्दही झाला. सहा आठवड्यांचे आयुष्य! वाद तिथे अजून चालूच आहे.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. खरे आहे. बीदरच्या माळावर आज काळविटांचे कळप दिसतात, आणि कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे जंगल २०११ साली अभयारण्य झाले. पण बंदी आली म्हणजे हिशेब मिटला असे समजायची आपल्याला सवय आहे. गिधाडांचेच बघा. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर मेले की आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. आता गिधाड कुठे दिसते? त्यांना कोणी गोळी घातली नव्हती. आजारी जनावरांना माणसाने दयेने दिलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाने ती मेली. २००६ साली ते जनावरांसाठी बंद झाले, तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. दयेतूनसुद्धा विष पोचते, तिथे व्यापारातून पोचणार नाही?

आणि पाखरे कायद्याची हद्द ओळखत नाहीत. हिवाळ्यात आपल्या उत्तर कर्नाटकातल्या तळ्यांवर, विशेषतः गदगजवळच्या मागडीच्या तळ्यावर, पट्टकादंब येतात. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे. वाटेतल्या कुठल्या तळ्याच्या चिखलात काय आहे हे त्यांना कोण सांगणार? आपल्या तळ्यांत काय आहे हेही कोण सांगणार?

या सगळ्या वाचनाने माझा प्रश्न सुटला नव्हता, नुसता मोठा झाला होता. सुटायला एक बाई कारण झाली.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हे जेवायला आत आले होते आणि मी दुकानात बसले होते. भोयांची एक सून मणी न्यायला आली, काखेत दीड-दोन वर्षांचे पोर. मण्याची भेग दोरीवर बसवून ती दातांनी दाबून बंद करतो, असे तिने सहज दाखवले. मी "अगं!" म्हणेपर्यंत तिने एक मणी चावलाही. पोराच्या हातात दुसरा मणी, तो तोंडाकडे निघालेला. मी विचारले, "जुने फुटके मणी काय करता?" म्हणाली, "चुलीवर वितळवतो की काकू. लोखंडी पळीत घालायचं, लगेच पाणी होतंय." शिसे ३२७ अंशांवर वितळते, घरची चूल त्याला पुरते. त्याच चुलीवर भाकरी.

मी वाचले होते की शरीरात शिशाची अमुक मात्रा चालेल असे नसतेच. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेले शिसे चार-पाच पट शोषून घेते, आणि ते थेट त्याच्या बुद्धीवर जाते. आयुर्वेदात शिशाला 'नाग' म्हणतात. हे सगळे मी बदकांसाठी वाचत होते. नाग माझ्याच दुकानातून, माझ्याच तराजूतून या पोराच्या हातात गेला होता.

मला तेव्हा मळखेड आठवले. कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठचे हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष राजाच्या सभेत आपल्या उग्रादित्याचार्यांनी इतर वैद्यांपुढे मांसाहाराविरुद्ध बाजू मांडली. त्यांचा 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा ग्रंथ १९४० साली सोलापूरहून छापून निघाला, त्यात तो हिताहित अध्याय आहे. धर्मात पाप म्हटले आहे, एवढे सांगून ते थांबले नाहीत. समोर वैद्य बसले होते, म्हणून वैद्यांच्या भाषेत बोलले: याने शरीराचे हित होते की अहित? मला हे फार शहाणपणाचे वाटते. त्या भोयाच्या सुनेला मी हिंसादान समजावत बसले असते तर ती "हो काकू" म्हणून निघून गेली असती, आणि माझा धर्म माझ्यापाशीच राहिला असता. मासे हे तिच्या घरचे पोट आहे. मी तिला पोराबद्दल सांगितले. दात लावू नको, पकडीने दाब. चुलीवर वितळवू नको. हात धुतल्याशिवाय पोराला घेऊ नको. ती घाबरली. मग तिने विचारले, "मग आम्ही लावायचं काय?"

उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. हडप्पाच्या काळातली जाळ्यांची वजने सापडली आहेत, ती भाजलेल्या मातीची आहेत. म्हणजे शिशाशिवाय जाळे बुडते. ह्यांनी बारीक लोखंडी साखळी काढून दिली, जाळ्याच्या कडेला शिवायला. ती गंजते, आणि शिशाइतकी झपकन खाली बसत नाही, असे तिच्या नवऱ्याचे म्हणणे पडले. तरी त्यांनी एक जाळे तसे करून पाहिले, आता दुसरे करतात. बाकीचे भोई अजून मणीच मागतात.

तेव्हा बघा, शिसे सोडून मी साखळी दिली, आणि साखळी तर समंतभद्रांच्या यादीतच आहे! मासे मरतातच. माझे पाप धुतले गेले असे मी म्हणत नाही. स्वाध्यायात एका मैत्रिणीने टोकलेही, "निम्मी हिंसा म्हणजे अहिंसा का?" नव्हेच. पण पाखराचे, पोराचे, ज्याच्याशी कोणाचे काही देणेघेणे नाही अशा जीवाचे मरण तरी आमच्या तराजूतून जाऊ नये, एवढे माझ्या हातात होते.

मागच्या पर्वात घरात ठरले की हे पोते पुन्हा भरायचे नाही. गिऱ्हाईक तुटणार, शेजारच्या दुकानी जाणार, हे ठरवतानाच दिसत होते. तसे झालेही. ह्यांनी एकदाही बोलून दाखवले नाही.

पोत्यात अकरा किलो मणी उरले आहेत. विकायचे नाहीत. भंगारात द्यावे तर कोणीतरी कुठल्यातरी गल्लीत ते वितळवणार, तिथेही पोरे असणार. पुरावे तर पाणी त्याच जमिनीतले. सासूबाई म्हणायच्या, जीव जिथला तिथे पोचवावा. शिसे जिथले तिथे पोचवायचे तर ज्या खाणीतून निघाले तिथवर जावे लागेल. मी ते झाकणाच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवले आहे, वर चिठ्ठी लावून. सून विचारते, "हे काय आहे?" मी तिला सगळे सांगितले आहे. पुढे काय करायचे ते तिलाही ठरवावे लागेल.